पंचाहत्तर हजारात प्रवासात गेम खेळायला हलका लॅपटॉप, कोणता घेऊ?

लेजरवाली_फोंडा

नमस्कार मंडळी. मी फोंड्याची, सीए आर्टिकलशिप करतेय आणि ऑडिटच्या कामाने सारखी बाहेरगावी असते, कधी बेळगाव, कधी कुडाळ-सावंतवाडी, कधी कोल्हापूर, मधूनमधून मुंबई. बेळगावला चोर्ल्यातून बसने, मुंबईला कोकणकन्या नाहीतर मांडवी ट्रेनने, म्हणजे सगळा संसार पाठीवरच्या सॅकमध्ये. दिवसभर टॅली आणि एक्सेल, आणि रात्री लॉजवर आल्यावर तास-दीड तास गेम, तेवढाच विरंगुळा आहे आणि तो मला सोडायचा नाहीये. भाऊ पुण्याला असतो, त्याच्याबरोबर व्हॅलोरंट, आणि एकटी असले की जीटीए ५ किंवा हेडीस, स्टारड्यू असले गेम.

बजेट ७५ हजार, फारच ताणलं तर ८०. स्टायपेंडमधून साठवलेले पैसे आहेत त्यामुळे एकदाच आणि नीट घ्यायचाय. पणजीत दुकानं फिरले, "गेमिंग" म्हटलं की सगळीकडे सव्वादोन-अडीच किलोचंच मशीन पुढे करतात, वर चार्जर एवढा की त्याला वेगळी पिशवी लागावी. हलका मागितला तर म्हणतात मॅडम मग गेमिंग विसरा. खरंच असं आहे का?

आत्तापर्यंत डोक्यात असलेले: एक आरटीएक्स ३०५० ग्राफिक कार्डवाला (४ जीबी, भारी आहे वजनाला), एक एमएसआय थिन १५ ज्यात ४०५० आहे आणि वजन १.८६ किलो लिहिलंय, एक १४ इंची ज्यात वेगळं ग्राफिक कार्डच नाही, रायझन ७ ८८४५एचएस प्रोसेसर आहे, वजन दीड किलोच्या आत, आणि एक स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवाला जो दिसायला सगळ्यात छान आणि बॅटरी दिवसभर म्हणतात. कार्ड नसलेल्यावर माझे गेम चालतील का, आणि ट्रेनमध्ये चार्ज करता येतो का, हे दोन मुख्य प्रश्न. बाकी काय बघायचं तेही सांगा.

कोकणकन्या_साइड_लोअर

स्नॅपड्रॅगन आधी खोडून टाक. मशीन वाईट नाही पण व्हॅलोरंटचं जे व्हॅनगार्ड आहे ना, चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर, ते त्या प्रोसेसरवर चालत नाही, म्हणजे भावाबरोबरचा खेळ पहिल्याच दिवशी बंद. मॅकचंही तेच, कोणी सुचवेल म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

आता दुकानदार म्हणतात ते चार-पाच वर्षांपूर्वी खरं होतं, आता नाही. तू जो ८८४५एचएस म्हणतेस त्याच्या आतच रेडिऑन ७८०एम नावाचं ग्राफिक आहे, १२ कोअरचं, आणि ते जुन्या जीटीएक्स १६५० कार्डाच्या थोडंसं खाली पण त्याच पंगतीत बसतं. व्हॅलोरंट तर त्याच्यावर लो सेटिंगला सेकंदाला शंभरच्या वर फ्रेम देतो, जीटीए ५ मीडियमला आरामात, हेडीस आणि स्टारड्यूला तर कशाचीच गरज नाही. सायबरपंकसारखे जड गेम लावलेस तर लो सेटिंग आणि एफएसआर (कमी रेझोल्यूशनचं चित्र मोठं करून फ्रेम वाढवणारी सोय) लावून कसेबसे तीस-चाळीस फ्रेम, तेवढी अपेक्षा ठेव.

मीपण कामाने सतत फिरतो, हॉस्पिटलच्या मशीनची सर्व्हिसिंग, मडगाव ते पनवेल मधली सगळी स्टेशनं पाठ आहेत, त्यामुळे एक गोष्ट ठामपणे सांगतो. प्रवासासाठी लॅपटॉप घेताना कार्डाचं नाव नंतर बघायचं, आधी वॅट बघायचे. कारण सगळं त्याच्यावरच येऊन थांबतं, वजन, चार्जर, उष्णता, बॅटरी सगळं. साधा हिशोब बघ. थिन १५ ची बॅटरी ५२ वॅट-अवरची आहे. गेम चालू असताना कार्ड, प्रोसेसर आणि स्क्रीन मिळून ७० वॅट खेचत असतील तर पाऊण तासात बॅटरी संपली, आणि तोही कमी केलेल्या वेगाने कारण बॅटरीवर कार्डाला पूर्ण ताकद देतच नाहीत. तेवढ्याच बॅटरीवर ७८०एमवालं मशीन सगळं मिळून पंचवीस-तीस वॅटमध्ये खेळवतं, फ्रेम ६० ला बांधून ठेवल्या तर पावणेदोन-दोन तास मिळतात. आणि त्याला ६५ किंवा १०० वॅटचा टाइप-सी चार्जर पुरतो, मुठीत मावेल एवढा, त्यावरच फोनपण चार्ज होतो. वजन करताना चार्जर धरूनच कर, कंपनी जो आकडा छापते त्यात चार्जर नसतो. सव्वादोन किलोचा गेमिंग लॅपटॉप चार्जरसकट पावणेतीन-तीन किलोवर जातो, वर तुझ्या फाइली आणि डबा, चोर्ल्याच्या वळणांवर उभं राहून जायची वेळ आली की खांदा भरून येतो.

ट्रेनचं सांगतो. आपल्या एलएचबी, म्हणजे नव्या प्रकारच्या, डब्यात सॉकेटला ११० व्होल्ट असतात. अडाप्टरवर बारीक अक्षरात इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं ते बघून घे, जवळजवळ सगळ्यांवर असतंच, मग काही होत नाही. पण तो पॉइंट मुळात मोबाइलसाठी आहे, २०० वॅटचा ठोकळा त्यात लावून गेम खेळायचा नाही, ट्रिप झाला तर अख्ख्या कप्प्याचं चार्जिंग बंद. ६५ वॅटचा मी नेहमी लावतो, कधी त्रास नाही. आणि बऱ्याच गाड्यांत रात्री अकरा ते पहाटे पाच पॉइंट बंदच ठेवतात, म्हणजे कोकणकन्येत बसल्या बसल्याच चार्ज करून घ्यायचं, झोपताना लावू म्हटलंस तर सकाळी ठाण्याला उतरशील रिकामी बॅटरी घेऊन.

अजून एक, ट्रेनमध्ये ऑनलाइन गेमचा नाद सोड. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा, आणि तसले लहानमोठे बोगदे सगळ्या मार्गावर, रँक्ड मॅच अर्ध्यात तुटली की पेनल्टी लागते आणि टीममधल्या बाकी चौघांचं नुकसान ते वेगळंच. घरून निघायच्या आधी स्टीम ऑफलाइन मोडला टाकून जो गेम खेळायचा तो एकदा उघडून बघायचा, नाहीतर ऐन वेळी लॉगिन मागत बसतं.

मडगाव_पिक्सेल

वरच्या दादाचं बरंच पटलं पण पूर्ण नाही पटलं. ताई चार वर्षांची गोष्ट करा. आज ७८०एमवर तुमचे गेम चालतील, दोन वर्षांनी एखादा नवा गेम आवडला तर काय? दुधाची तहान ताकावर भागवल्यासारखं होईल. ४०५० ला स्वतःची ६ जीबी मेमरी आहे, डीएलएसएस आहे, फ्रेम जनरेशन आहे, दोन्ही फ्रेम वाढवायच्या सोयी. आणि तुम्ही लॉजवर खेळणार म्हणताय ना, तिथे प्लग असतोच, मग बॅटरीवर किती वेळ खेळता येतो याचा एवढा बाऊ कशाला?

थिन १५ मधला ४०५० पंचेचाळीस वॅटचा आहे हे मात्र समजून घ्या. एकाच नावाचं कार्ड पस्तीस वॅटपासून शंभरच्या वर वॅटपर्यंत येतं आणि डब्यावर फक्त नाव छापतात, म्हणजे दोन लॅपटॉपवर आरटीएक्स ४०५० चाच स्टिकर आणि खेळताना दोघांत चांगलाच फरक. कंपनीच्या वेबसाइटवर स्पेसिफिकेशनमध्ये मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर किंवा टीजीपी म्हणून आकडा असतो, तो बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. तरीपण ४५ वॅटचा ४०५० कुठल्याही बिनकार्डाच्या मशीनच्या बराच पुढे आहे. आणि ३०५० चा ४ जीबीवाला नका घेऊ, मेमरी भरली की गेम अडखळतो, सेटिंग कितीही कमी केलं तरी. २०५० तर बघूच नका, त्याची मेमरीची वाट ६४ बिटचीच आहे.

असूसचा टफ ए१४ हा खरं तर तुमच्यासाठीच बनवलाय, १.४६ किलो आणि वर पूर्ण कार्ड, पण तो लाखाच्या वर जातो म्हणून गप्प बसतो.

कोकणकन्या_साइड_लोअर

पिक्सेलभाऊ, तुमचा मुद्दा बरोबर आहे, ती घरी बसून खेळत असती तर मीपण ४०५० च सांगितला असता. पण तिने गेमची नावं दिलीयत आणि त्यात कार्ड लागेल असं एकही नाही. रोज पाठीवर न्यायचं वजन खरं आहे आणि दोन वर्षांनी आवडेल तो गेम अजून यायचाय. तसल्या गेमसाठी घरी नंतर कन्सोल किंवा डेस्कटॉप घेता येतो, पाठीवरचं ओझं मात्र नंतर कमी करता येत नाही.

एक गोष्ट राहिली होती आणि ती सगळ्यात महत्त्वाची. ७८०एमला स्वतःची मेमरी नसते, लॅपटॉपची रॅमच तो वापरतो. त्यामुळे रॅमच्या दोन वाटा, म्हणजे ड्युअल चॅनल, असायलाच पाहिजेत. एकच स्टिक असेल तर मेमरीचा वेग अर्धा होतो आणि मग तोच ७८०एम ओळखू येणार नाही इतका मंद खेळतो, आणि लोक म्हणतात बघा बिनकार्डाचं काही खरं नसतं. ८ जीबीच्या दोन मिळून १६ हे कमीतकमी धर, त्यातले तीन-चार जीबी ग्राफिकला गेले तरी एक्सेलला उरतात. बोर्डावर सोल्डर केलेली १६ असेल तर ती बहुधा दोन वाटांचीच असते, पण मग पुढे वाढवता येत नाही हे धरून चाल. इंटेलच्या कोअर अल्ट्रा ५ १२५एच मधलं आर्क ग्राफिकपण चालेल, पण तिथेपण तीच अट, दोन वाटा नसतील तर आर्क हे नावसुद्धा लागत नाही त्याला.

आणि नंबरला फसू नको. रायझन ५ ७५२०यू नाव वाचून नवीन वाटतो, आत ६१०एम आहे, फक्त २ कोअर. नाव मोठं लक्षण खोटं. तसंच इंटेलचा आय५ १२४५०एच, एच लिहिलंय म्हणून दणकट वाटतो, आतलं ग्राफिक अगदी साधं, तो वेगळ्या कार्डाबरोबर लावायलाच बनवलाय. प्रोसेसरचं नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल, दुकानात ग्राफिकचं नाव विचार. ७८०एम उत्तम, ७६०एम चालेल, ६८०एम जुना आहे पण स्वस्तात मिळत असेल तर हरकत नाही.

म्हापसा_सोल्डर

मी म्हापशात लॅपटॉप रिपेअर करतो, दोघांच्या वादात पडत नाही, माझ्या टेबलावर जे येतं तेवढं सांगतो.

आपल्याकडे पावसाच्या चार महिन्यांत येणारी मशीनं बघितली तर पाण्यात पडलेली फार थोडी. जास्त येतात ती दमट बॅगेत राहिलेली. चार्जिंग पोर्टच्या मागे बोर्डावर हिरवट पांढरी बुरशीसारखी पूड धरलेली असते, ब्रशने आयपीए (सफाईचं अल्कोहोल) लावून घासलं की सुटते पण खालचे बारीक ट्रॅक तोवर खाल्लेले असतात. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांचं अजून लवकर होतं, खाऱ्या हवेने. भिजलेली छत्री आणि लॅपटॉप एका कप्प्यात नको, एवढं पाळलं तरी निम्मी मशीनं माझ्याकडे येणार नाहीत. सॅकला रेन कव्हर असेल तरी आत साधी झिपची प्लास्टिक पिशवी घालून त्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या. एसी बसमधून उतरल्यावर, विशेषतः जून-जुलैत, लगेच चालू करायचं नाही. थंड मशीनवर बाहेरच्या हवेतलं पाणी धरतं, चष्म्यावर धरतं ना तसंच, पण आत बोर्डावर. अर्धा तास थांबा.

दुसरं, झाकण बंद केलं म्हणजे लॅपटॉप बंद झाला असं नाही. आजकालची मशीनं स्लीपमध्ये मधूनच जागी होतात, बॅगेत हवा नाही, तापतात, आणि मालक घरी जाऊन बघतो तर बॅटरी संपलेली आणि बॅग गरम. प्रवासाला निघताना शटडाऊन करा नाहीतर हायबरनेट करा. ज्यांच्या बॅटऱ्या फुगून माझ्याकडे येतात त्यातले बरेच जण झाकण पाडून सॅकमध्ये टाकणारे असतात.

तिसरं कोणी बोललं नाही ते. मोठ्या गेमिंग लॅपटॉपच्या काही चार्जरची पिन सोळा अँपिअरची असते, जाड, गिझरला असते तशी. लॉजच्या खोलीत पलंगाशेजारी पाच अँपिअरचा बोर्ड असतो, त्यात ती जातच नाही. मग लोक बाजारातला स्वस्तातला कन्व्हर्टर लावतात, तो सैल बसतो, ठिणग्या मारतो. हे दुकानातच बघून घ्यायचं, खोका उघडायला लावून. जुन्या लॉजमध्ये अर्थिंग नसतं ते वेगळंच, मेटल बॉडीवर हात फिरवला की बारीक मुंग्या आल्यासारखं होतं. घाबरायचं कारण नाही, चार्जरच्या आतल्या फिल्टरची गळती असते ती, पण दुसरा अर्थिंगवाला पॉइंट सापडला तर तिथे लावा, आणि जोरात झटका बसला तर मात्र तो पॉइंट सोडून द्या.

एमएसआय थिन असो की कुठलाही पातळ असो, घेताना झाकण एका कोपऱ्याला धरून उघडून बघा. स्क्रीन पिळली जात असेल, बिजागरीपाशी प्लास्टिक वर उचलत असेल तर रोज उघडमीट करणाऱ्या माणसाचं ते मशीन नाही. बिजागरी घट्ट होत जाते आणि आतले प्लास्टिकचे खुंट तुटतात, हे काम माझ्याकडे दर आठवड्याला असतं.

रायबंदर_फेरी

लॅपटॉपच कशाला, हातात धरायचं कन्सोल घ्या ना, रॉग अलाय ६०८ ग्रॅमचा आहे, आत विंडोजच आहे, व्हॅलोरंटसाठी कीबोर्ड माऊस जोडायचा. चोडणला जाताना फेरीबोटीच्या रांगेतपण खेळून होतं माझं.

लेजरवाली_फोंडा

रायबंदर, ऐकायला भारी वाटतंय पण सात इंची स्क्रीनवर टॅलीचा ट्रायल बॅलन्स नाही बघता येत हो, आणि क्लायंटच्या ऑफिसात ते काढून बसले तर सर मला परत पाठवतील. एकच मशीन न्यायचंय त्यामुळे लॅपटॉपच.

बाकी सगळ्यांचे मनापासून आभार, देव बरें करूं. वॅटचा हिशोब मला कोणी असा सांगितलाच नव्हता. म्हापसा दादा, सोळा अँपिअरच्या पिनेचं वाचून लगेच दुकानात फोन केला, तो ३०५० वाला त्याच पिनेचा निघाला. म्हणजे तो गेला.

आता दोनच राहिले, थिन १५ आणि १४ इंची ८८४५एचएस. दोन प्रश्न आहेत अजून. १४ इंचीमध्ये एक ८ जीबी एक स्टिकवाला आहे जो बराच स्वस्त पडतोय, नंतर दुसरी स्टिक टाकली तर? आणि ऑफिसातला एक सीनियर त्याचा वर्ष-दीड वर्ष वापरलेला ४०५० वाला विकतोय, तो घ्यावा का?

मडगाव_पिक्सेल

रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून जे चढलेत ते बघता नंतर टाकू हा विचार महागात जाईल. वाचलेले पैसे त्या एका स्टिकमध्ये जातील. आणि तो मॉडेल उघडून बघितल्याशिवाय दुसरी स्टिक टाकायला जागा आहे की नाही हे दुकानदारालाही माहीत नसतं. १६ वालाच घ्या.

आणि एक कबूल करतो, सोळा अँपिअर आणि ट्रेनच्या पॉइंटचं वाचल्यावर तुमच्यासाठी १४ इंचीच बरा वाटायला लागलाय. फक्त स्क्रीन नीट बघून घ्या. स्वस्त मशीनमध्ये २५० निट्स (उजेडाचं माप) आणि ४५ टक्के एनटीएससीचा, म्हणजे कमी रंगांचा, पडदा टाकतात, लाल रंग विटकरी दिसतो आणि खिडकीजवळ बसलात की स्वतःचाच चेहरा दिसतो. १०० टक्के एसआरजीबी लिहिलेला घ्या, निट्स तीनशेच्या वर असतील तर उत्तम. व्हॅलोरंटसाठी १२० हर्ट्झ मिळाला तर बघा, नाही मिळाला तर ६० वरपण खेळणारे खेळतात.

म्हापसा_सोल्डर

सीनियरचा घ्यायचा असेल तर त्याच्यासमोर बसून बॅटरी रिपोर्ट काढा. स्टार्टवर कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट टाइप केलं की फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही तिथेच दाखवतं. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. ५२ हजारचे ४० हजार झाले असतील तर बॅटरीचे पैसे किमतीतून कापून घ्या. मग गेम वीस मिनिटं चालवा, पंखा घरघर करतो का, कीबोर्डच्या मधल्या बटनांना बोट लावून बसता येतं का, टाइप-सी पोर्टमध्ये केबल हलवली तर चार्जिंग तुटतं का. वॉरंटी किती उरली ते कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून कळतं, त्याच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका.

माझं मत विचाराल तर गेमसाठी वापरलेला सेकंड हँड आणि तोही रोज प्रवासात न्यायचा, नका घेऊ. नवा घ्या आणि ऑनसाइट वॉरंटी आहे का विचारा, म्हणजे माणूस घरी येतो. कॅरी-इन असेल तर मशीन तुम्हालाच सर्व्हिस सेंटरला न्यावं लागतं, आणि तुम्ही कुडाळला आणि सेंटर पणजीत, मग ऑडिट कशावर करणार. फोंड्याच्या पिनकोडला ऑनसाइट लागू आहे की नाही हे घ्यायच्या आधी कस्टमर केअरला विचारून घ्या, सगळीकडे असतंच असं नाही.

कोकणकन्या_साइड_लोअर

घेतल्यावर पहिल्या दिवशी करायच्या गोष्टी. कंपनीच्या ॲपमध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायचं सेटिंग असतं ते चालू कर, लॉजवर रोज प्लग लावून खेळणार आहेस त्यामुळे बॅटरी जास्त टिकेल, ट्रेनच्या दिवशी तेवढं १०० करायचं. बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) ग्राफिकला किती मेमरी द्यायची ते असेल तर ४ जीबी कर. व्हॅलोरंटला सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० लागतं, नवीन मशीनला चालू असतं पण बायोसमध्ये गेलीच आहेस तर बघून घे. खेळताना मागची बाजू थोडी उचललेली असू दे, गादीवर ठेवून खेळू नको, लॉजच्या गादीत खालच्या जाळ्या बुजतात. एसएसडी ५१२ असेल तर जीटीए ५ एकटाच शंभर जीबीच्या वर घेतो, ऑफिसचं सगळं धरून एक टीबी मिळाला तर बघ, किंवा दुसरा स्लॉट आहे का विचार.

लेजरवाली_फोंडा

ठरलं, १४ इंची, ७८०एम, १६ जीबी दोन वाटांची, एसआरजीबी स्क्रीन. दोन मॉडेल या अटींत बसतायत, एकाची रॅम सोल्डर केलेली आहे आणि एकाला स्लॉट आहेत, स्लॉटवाला साठ-सत्तर ग्रॅम जड आहे पण तेवढं चालेल मला. शनिवारी पणजीला जातेय बघायला. चवथीच्या ऑफरपर्यंत थांबू का, की आत्ताच घेऊ?

म्हापसा_सोल्डर

रॅमचे भाव असे असताना ऑफरसाठी थांबू नका. ऑनलाइनचा भाव फोनवर काढून दाखवा, बरेच दुकानदार त्याच्या जवळ येतात, नाहीतर वर बॅग आणि माऊस देतात. बिलावरचा सीरियल नंबर आणि मशीनच्या पोटावरचा नंबर जुळवून घ्या, आणि बिलाचा फोटो लगेच काढून ठेवा. थर्मल कागदावरची छपाई वर्षभरात उडते आणि वॉरंटीला बिल मागतातच.